चार-पाच भेटींचे समुपदेशन: शाळेतील एका छोट्या खोलीचा मोठा प्रश्न

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी पंधरा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. विशाखापट्टणम येथे स्पर्धापरीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूचे प्रकरण न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठासमोर होते. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने बालक व किशोरांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक संबंध जोडावा, असे या तत्त्वांत सांगितले आहे. योग्य कायदा होईपर्यंत ती देशभर बंधनकारक राहतील, हेही न्यायालयाने स्पष्ट केले.

या आदेशानंतरची चर्चा प्रामुख्याने पदांभोवती फिरत राहिली. पदे किती, वेतन कोण देणार, पात्रता कोणती, हे प्रश्न आवश्यकच आहेत. परंतु त्यांच्या मागे एक अधिक मूलभूत प्रश्न उभा आहे. समुपदेशक नेमला गेला, त्याला खोली मिळाली, दार लोटून नववीतील एखादी मुलगी आत आली. त्यानंतरच्या अर्ध्या तासात नेमके काय घडावे? या प्रश्नाचे बऱ्याच अंशी शास्त्रीय उत्तर भारतातच, दिल्लीच्या सरकारी शाळांमध्ये शोधले गेले आहे. धोरणाच्या चर्चेत मात्र ते क्वचितच डोकावते.

प्रथम गरजेचे मोजमाप पाहावे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांचा आत्महत्येने मृत्यू झाला. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ या वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले होते. एनसीईआरटीने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सहावी ते बारावीचे सुमारे ३.७९ लाख विद्यार्थी सहभागी झाले. त्यांपैकी ८१ टक्क्यांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल हे आपल्या चिंतेचे कारण असल्याचे सांगितले.

हे तीन आकडे एकाच गोष्टीचे नाहीत आणि ते एकमेकांत मिसळणे चुकीचे ठरेल. परीक्षेची चिंता हा आजार नव्हे, आणि प्रत्येक आजार टोकाच्या पावलापर्यंत जात नाही. मात्र रोजची चिंता आणि निदान झालेला आजार यांच्या मधोमध एक विस्तीर्ण पट्टा असतो. झोप उडालेली आहे, वर्गात लक्ष लागत नाही, घरातील भांडणे सहन होत नाहीत, जिवलग मैत्रीण तुटली आहे, चिडचिड वाढली आहे आणि महिनाभर हे असेच चालू आहे, अशी मुले या पट्ट्यात असतात. त्यांना मनोविकारतज्ज्ञाकडे नेण्याचे कारण घरच्यांना दिसत नाही. नेण्याची इच्छा असली तरी देशात एक लाख लोकसंख्येमागे एक मनोविकारतज्ज्ञही नाही आणि जे आहेत ते बहुतेक शहरांत आहेत. शाळेतील अल्पकालीन वैयक्तिक समुपदेशनाचे खरे कार्यक्षेत्र हाच पट्टा होय.

‘अल्पकालीन’ या शब्दाने अनेकांच्या मनात शंका येते. चार-पाच भेटींत काय साधणार, असे विचारले जाते. ‘प्राइड’ या नावाने गोवा आणि दिल्ली येथे झालेल्या संशोधनकार्यक्रमाने नेमकी हीच शंका कसोटीला लावली. १९९६ मध्ये गोव्यात स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेचा त्यात पुढाकार होता, डॉ. विक्रम पटेल हे तिच्या संस्थापकांपैकी एक. संशोधकांनी निवडलेली पद्धत समस्या-निराकरणाची होती. तिचा गाभा साधा आहे. मुलाला सर्वाधिक छळणारी अडचण त्याने स्वतःच्या शब्दांत सांगायची. ती सोडविण्याचे किंवा तिचा ताण सोसण्याचे पर्याय समुपदेशकाच्या मदतीने मांडायचे. एक पर्याय निवडून प्रत्यक्ष करून पाहायचा. पुढच्या भेटीत काय जमले, काय फसले हे तपासायचे. सोबत चित्रकथांच्या रूपातील पुस्तिका घरी न्यायला मिळायच्या.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका मुलाची तक्रार ‘अभ्यास होत नाही’ अशी आहे. घर एका खोलीचे, संध्याकाळी दूरदर्शन संच चालू, धाकटी भावंडे भोवती, आणि गुण कमी पडले की वडिलांचा संताप. पहिल्या भेटीत ही गुंतागुंत सुटी होते. अभ्यासाची जागा ही एक अडचण आणि वडिलांची भीती ही दुसरी, असे मुलालाच दिसू लागते. पहिल्या अडचणीसाठी शाळा सुटल्यावर तासभर ग्रंथालयात थांबणे, पहाटे उठणे, मित्राच्या घरी बसणे असे पर्याय निघतात. मुलगा पहाटेचा पर्याय निवडतो आणि आठवड्याने सांगतो की तो दोनच दिवस जमला. मग ग्रंथालय. घराची खोली एकच राहते, वडिलांचा स्वभावही बदलत नाही. परंतु ‘माझ्या हातात काहीच नाही’ या भावनेला तडा जातो. ही पद्धत मुलाला पुढेही उपयोगी पडावी असे एक कौशल्य देते. भेटी थोड्या असूनही परिणाम टिकण्याची शक्यता तेथे असते.

आता कसोटीकडे वळू. दिल्लीतील सहा सरकारी माध्यमिक शाळांत २०१८ मध्ये नववी ते बारावीच्या २५० विद्यार्थ्यांवर यादृच्छिक नियंत्रित चाचणी झाली. एका निश्चित पातळीपेक्षा अधिक त्रास असलेलेच विद्यार्थी तीत घेतले होते. निम्म्यांना दोन-तीन आठवड्यांत समुपदेशकाच्या चार-पाच भेटी आणि पुस्तिका मिळाल्या. उरलेल्या निम्म्यांना फक्त पुस्तिका. भेट साधारण अर्ध्या तासाची असे. सहा आठवड्यांनी दोन मापे घेतली गेली. पहिले माप मुलाने स्वतः सांगितलेल्या अडचणींच्या तीव्रतेचे, शून्य ते दहा या श्रेणीवर. दुसरे माप प्रमाणित प्रश्नावलीवरून काढलेले मानसिक लक्षणांचे.

२०२० मध्ये ‘द लॅन्सेट चाइल्ड अँड ॲडोलेसंट हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला निकाल अत्यंत बोलका आहे. मुलांनी सांगितलेल्या अडचणींची तीव्रता समुपदेशनाच्या गटात पुस्तिकांच्या गटापेक्षा सुमारे एका गुणाने अधिक उतरली, आणि हा फरक संख्याशास्त्रीय दृष्टीने विश्वसनीय होता. मानसिक लक्षणांच्या मापावर मात्र दोन गटांत सहा आठवड्यांनी विश्वसनीय फरक दिसला नाही.

समुपदेशनाचे उत्साही समर्थक पहिल्या वाक्यापाशी थांबतात, टीकाकार दुसऱ्या. दोन्ही वाक्ये एकत्र वाचली पाहिजेत. दहापैकी एक गुण हा फरक चमत्काराचा नाही. पण तुलना कोणाशी होती हेही ध्यानात घ्यावे लागते. दुसऱ्या गटाला रिकाम्या हाती पाठवलेले नव्हते. त्यालाही त्याच पद्धतीची पुस्तिका मिळाली होती आणि त्या गटातील मुलांचा त्रासही काळाबरोबर कमी झाला. किशोरवयातील कित्येक अडचणी आपसूक निवळतात. म्हणूनच ‘आमच्या शाळेत समुपदेशक आला आणि मुले सुधारली’ या अनुभवाला पुरावा म्हणता येत नाही. तुलनेचा गट नसेल तर काळाने केलेले काम समुपदेशकाच्या खात्यावर जमा होते. चाचणीतून हाती आलेला एक गुण हा पुस्तिका आणि काळ यांचा वाटा वजा करून उरलेला, माणसाशी झालेल्या संवादाचा वाटा आहे. त्याचे मोल तेथे आहे.

याच विद्यार्थ्यांचा बारा महिन्यांचा मागोवा २०२१ मध्ये ‘प्लॉस मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरानंतर सर्वच विद्यार्थी पुन्हा गाठता आले नाहीत, ही त्याची मर्यादा. तरीही स्वतः सांगितलेल्या अडचणींवरील परिणाम टिकून होता, आणि सहा आठवड्यांनी न दिसलेला लक्षणांवरील परिणामही आता दिसून आला. आधी अडचण हलकी होते आणि मनाची लक्षणे मागाहून उतरतात, असा अर्थ यातून काढण्याचा मोह होतो. एका चाचणीवरून एवढा निष्कर्ष पक्का मानू नये; मात्र सहा आठवड्यांत लक्षणे उतरली नाहीत म्हणून कार्यक्रम गुंडाळण्याची घाईही करू नये, एवढे निश्चित.

या प्रयोगाची दुसरी शिकवण धोरणाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. समुपदेशन करणारे मनोविकारतज्ज्ञ नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही असण्याची अट नव्हती. औपचारिक मानसोपचाराचे शिक्षण नसलेले तरुण निवडून त्यांना या एका पद्धतीचे प्रशिक्षण दिले गेले आणि त्यांच्या कामावर नियमित पर्यवेक्षण ठेवले गेले. २०२३-२४ च्या आकडेवारीनुसार देशात सुमारे १४.७ लाख शाळा आणि २४.८ कोटी विद्यार्थी आहेत. एवढ्या शाळांना पुरतील इतके पदव्युत्तर मानसशास्त्रज्ञ उपलब्ध होईपर्यंत वाट पाहायची तर आज शाळेत असलेली पिढी शाळेबाहेर पडलेली असेल. न्यायालयाने सांगितलेल्या ‘प्रशिक्षणा’चा अर्थ पदवीच्या कागदापुरता लावला गेला तर पदे रिकामी राहतील; तो दोन दिवसांच्या कार्यशाळेपुरता लावला गेला तर पदे भरतील आणि मुले तशीच राहतील. दिल्लीचा अनुभव मधला मार्ग दाखवतो: एक निश्चित, तपासलेली पद्धत, तिचे प्रत्यक्ष सरावासह प्रशिक्षण, आणि कामात सतत सोबत करणारा अनुभवी पर्यवेक्षक. यांपैकी पर्यवेक्षक हा घटक अंदाजपत्रकात सर्वांत आधी कापला जातो आणि त्यावाचून इतर दोन घटक निष्प्रभ होतात.

हेच काम शिक्षकांवर सोपवावे, त्यांना मुले ठाऊक असतात, असा एक प्रस्ताव नेहमी पुढे येतो. बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील ७४ माध्यमिक शाळांत झालेल्या ‘सेहेर’ या चाचणीने त्याची परीक्षा घेतली आहे. संपूर्ण शाळेचे वातावरण सुधारण्याचा हा कार्यक्रम होता. सभा, भित्तिपत्रके, गटचर्चा यांबरोबर वैयक्तिक समुपदेशनही त्याचा भाग होते. काही शाळांत तो बाहेरून नेमलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांनी राबवला, काही शाळांत शिक्षकांनी. २०१८ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार समुपदेशकांच्या शाळांत वातावरण सुधारले, नैराश्याची लक्षणे, दादागिरी आणि हिंसा घटली, शिक्षकांच्या शाळांत तसा परिणाम आढळला नाही. यात शिक्षकांचा कमीपणा शोधू नये. अध्यापन, परीक्षा, निवडणूक आणि जनगणना यांतून वेळ काढणाऱ्या माणसाकडे आणखी एक जबाबदारी ढकलल्याचा तो परिणाम असू शकतो. शिवाय जो गुण देतो, शिस्त लावतो, पालकांना बोलावतो, त्याच्यापाशी मूल मन कसे मोकळे करील?

येथे गोपनीयतेचा प्रश्न येतो. समुपदेशकाच्या खोलीत जाणारा विद्यार्थी वर्गाला दिसतो. ‘वेडा’ या एका शब्दाच्या भीतीने कितीतरी मुले त्या दारापासून माघारी फिरतात. ‘प्राइड’च्या चमूने वर्गात छोटी सत्रे घेऊन ताण म्हणजे काय, मदत कशी मिळते आणि स्वतःहून कसे यावे हे समजावले, तेव्हा समुपदेशनाकडे येणाऱ्या मुलांचे प्रमाण लक्षणीय वाढले, असे एका स्वतंत्र चाचणीत आढळले. सेवा उघडणे आणि सेवेपर्यंतची वाट उघडणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसरे काम शिक्षकांनी ‘बिघडलेली’ मुले पाठवण्यावर सोडले तर समुपदेशन ही शिक्षेची पुढची पायरी वाटू लागते.

गोपनीयतेला मर्यादाही असतात आणि त्या पहिल्याच भेटीत मुलाला स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, म्हणजे पॉक्सो, अशा अपराधाची माहिती मिळालेल्या प्रत्येक व्यक्तीवर ती कळविण्याचे बंधन घालतो. जिवाला धोका असेल तेथेही मौन पाळता येत नाही. ‘काहीही सांग, कोणाला कळणार नाही’ असे आश्वासन देऊन नंतर ते मोडावे लागणे, यासारखा विश्वासघात मुलाच्या वाट्याला येऊ नये. याचा अर्थ समुपदेशकाला कायद्याचेही प्रशिक्षण हवे, आणि त्याची नोंदवही मुख्याध्यापकांच्या टेबलावर उघडी पडलेली नको.

अल्पकालीन समुपदेशनाची मर्यादा ओळखणे हा त्याच्या यशाचाच भाग आहे. आत्महत्येचे विचार, तीव्र नैराश्य, घरातील अत्याचार, मनोविकाराची गंभीर लक्षणे यांसाठी चार भेटी पुरेशा नाहीत. अशा मुलांसाठी पुढची पायरी तयार असावी लागते: जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, जिल्हा रुग्णालय, आणि १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ‘टेली-मानस’ ही १४४१६ या क्रमांकाची चोवीस तासांची मोफत सेवा. पुढची पायरी नसलेला समुपदेशक एक तर झेपणार नाही ते काम अंगावर घेतो, किंवा गंभीर मूल समोर येऊ नये अशी मनोमन इच्छा बाळगू लागतो. दोन्ही गोष्टी धोक्याच्या आहेत.

या साऱ्यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो. मुलांचा ताण जीवघेण्या स्पर्धेतून, घरच्या दारिद्र्यातून, जातीच्या हिणवण्यातून येत असेल तर प्रत्येक मुलाला स्वतंत्रपणे खोलीत बसवून ‘तू काय करशील?’ असे विचारणे म्हणजे व्यवस्थेचा दोष मुलाच्या माथी मारणे नव्हे काय? हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. समुपदेशक नेमला की जबाबदारी संपली, असे मानणाऱ्या संस्थेबाबत तो पूर्णतः खरा ठरतो. सर्वोच्च न्यायालयाच्या तत्त्वांतही गुणांवरून तुकड्या पाडणे आणि जाहीर अपमान करणे टाळावे असे म्हटले आहे, हे येथे लक्षणीय आहे. नालंदाच्या प्रयोगातही वैयक्तिक संवाद शाळेच्या वातावरणातील बदलाशी जोडलेला होता. तरीही व्यवस्था बदलेपर्यंत आजच्या मुलाने एकटे राहावे, हा निष्कर्ष त्या आक्षेपातून निघत नाही. उलट, समुपदेशकाच्या खोलीत एकाच वर्गातील दहा मुले एकाच शिक्षकाच्या मारहाणीविषयी बोलू लागली, तर नावे उघड न करता ती गोष्ट शाळेपुढे मांडण्याची वाट असली पाहिजे. तेव्हा तीच खोली व्यवस्थेला आरसा दाखवते.

हे सारे परवडणारे आहे काय? एक साधा हिशेब करून पाहता येईल. सहाशे विद्यार्थ्यांच्या शाळेत, सर्वेक्षणातील ७.३ टक्क्यांच्या आसपासचे प्रमाण धरले तर सुमारे ४४ विद्यार्थी होतात. प्रत्येकी पाच भेटी धरल्या तर वर्षाकाठी २२० भेटी. शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी वर्षाला २२० दिवस ठरवून दिले आहेत. म्हणजे दिवसाला एक भेट, अर्ध्या तासाची. मधल्या पट्ट्यातील मुले धरून गरज तिप्पट मानली तरी दिवसाला तीन भेटी, दीड तास. उरलेल्या वेळात वर्गांतील सत्रे, पालकांशी बोलणे, पुढे पाठवलेल्या मुलांचा पाठपुरावा आणि पर्यवेक्षकाशी चर्चा, हे सर्व बसते. काम अशक्य नाही. ते अशक्य होते ते त्याच माणसाला प्रवेशाचे अर्ज, बसची यादी, बदली तास आणि परीक्षेचे पर्यवेक्षण देऊन. समुपदेशकाचा वेळ राखणे हे त्याच्या नेमणुकीइतकेच महत्त्वाचे आहे.

म्हणून येत्या काळात राज्यांनी अहवालांत केवळ ‘किती शाळांत समुपदेशक नेमले’ हा आकडा देऊ नये. किती मुले स्वतःहून आली, किती मुलांनी ठरलेल्या भेटी पूर्ण केल्या, त्यांनी स्वतः सांगितलेल्या अडचणीचा भार शून्य ते दहाच्या मापावर किती उतरला आणि किती मुले पुढच्या पायरीपर्यंत खरोखर पोहोचली, हे चार आकडे मागितले पाहिजेत. ते गोळा करण्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. एक वही, एक पेन्सिल आणि मुलाला विचारलेला एक प्रामाणिक प्रश्न पुरतो. नावे मात्र शाळेच्या बाहेर जाता कामा नयेत.

दिल्लीच्या सहा शाळांनी दाखवून दिलेली गोष्ट आकाराने लहान आहे. संकटात सापडलेल्या किशोराला कोणीतरी वेळेवर भेटले, त्याची अडचण त्याच्याच शब्दांत ऐकली, एक पाऊल टाकायला सोबत केली आणि आठवड्याने पुन्हा विचारपूस केली, तर त्याचा भार मोजता येण्याइतका हलका होतो. विज्ञानाने एवढे दाखवून दिले आहे. आता ती खोली, तो अर्धा तास आणि ते माणूस प्रत्येक शाळेत असेल की केवळ हजेरीपटावर, हे शासन आणि शाळा यांच्या निर्णयावर अवलंबून आहे. आणि त्या निर्णयाची वाट पाहणारी मुले आजच वर्गात बसलेली आहेत.